बाल्साचं ग्लायडर: दोन संध्याकाळींची बांधणी, चार सकाळींची चाचणी

विज्ञान प्रदर्शनात ग्लायडरचं, म्हणजे मोटरशिवाय तरंगत जाणाऱ्या छोट्या विमानाचं, एक टेबल असतंच. पंख चकचकीत रंगवलेले, शेपटीवर तिरंगा, खाली काळ्या कागदाची धावपट्टी. परीक्षक येतात, मॉडेल हातात घेऊन बघतात आणि विचारतात, ‘‘उडतं का रे?’’ पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

मी नववीला विज्ञान शिकवतो आणि हा प्रकल्प पोरांकडून करून घेतो. एक गोष्ट आता पक्की कळली आहे. ग्लायडर बनवायला दोन संध्याकाळी पुरतात, पण ते नीट उडायला मैदानावरच्या चार सकाळी लागतात. बहुतेक गट नेमकं उलट करतात. पंधरा दिवस कापाकापी आणि रंगरंगोटी, आणि पहिलं उड्डाण थेट परीक्षकांसमोर. म्हणून कापण्या-चिकटवण्याचं सांगतोच, पण खरा भर वजन जुळवण्यावर आणि मैदानावर आहे.

आधी प्रश्न, मग मॉडेल

नुसतं ‘ग्लायडर बनवणे’ हा प्रकल्प नव्हे, ती हस्तकला झाली. प्रकल्पाला एक प्रश्न लागतो आणि तो मोजता यायला हवा. गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या जागी टेकू दिला की मॉडेल तोलून राहतं ती जागा, पुढे-मागे सरकवली तर अंतरात किती फरक पडतो? पंखांची टोकं कमी-जास्त उचलली तर मॉडेल सरळ राहतं का? एकच निवडा. मी पहिल्या प्रश्नाला झुकतं माप देतो, कारण त्यासाठी नवं काही बनवावं लागत नाही. तोच पंख, तोच दांडा, फक्त वजन हलवायचं.

आणि हा प्रश्न जुना, मानाचा आहे. १८०४ साली इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या जॉर्ज केलींनी जे छोटं ग्लायडर केलं, त्यात एक काठी, तिच्यावर पतंगासारखा पंख, मागे हलवता येणारी शेपटी आणि पुढेमागे सरकवता येणारं वजन होतं. पुढे पंख, मागे शेपूट ही आजच्या विमानाची ठेवण तिथे पहिल्यांदा नीट दिसते. फाइलमधलं इतिहासाचं पान भरायचंच असेल तर पुष्पक विमानापासून सुरुवात करण्याऐवजी केलींपासून करा. तुम्ही करणार आहात तेच त्यांनी केलं होतं.

मापं

मापं हवेतून काढायची नसतात, प्रमाणातून काढायची असतात. पंखाची लांबी रुंदीच्या सहापट धरली की मॉडेल तरंगतंही बरं आणि मोडतंही कमी. शेपटीच्या आडव्या पंखाचं क्षेत्रफळ मुख्य पंखाच्या साधारण एकपंचमांश, उभ्या पंखाचं त्याहून बरंच कमी, सात-आठ टक्के. आमचं नेहमीचं मॉडेल असं:

मुख्य पंख: लांबी ४८ सेंमी, रुंदी ८ सेंमी, क्षेत्रफळ ३८४ चौ. सेंमी.
शेपटीचा आडवा पंख: १६ × ५ सेंमी, म्हणजे ८० चौ. सेंमी.
उभा पंख: तळाशी ५, वर साडेतीन, उंची साडेसहा सेंमी.
दांडा: ४५ सेंमी. पंखाची पुढची कड नाकाच्या टोकापासून १० सेंमीवर.

हे सगळं आधी खऱ्या मापात जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे काढून घ्या. पेन्सिलीने, काटकोन तपासून. हाच कागद पुढे कापताना साचा म्हणून आणि प्रदर्शनात आराखडा म्हणून वापरता येतो. वेगळा रंगीत तक्ता करत बसू नका.

सामान

पूर्वी आम्ही थर्माकोल वापरायचो. महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोलच्या ताटल्या आणि सजावट गेली, आणि शाळेत त्याची शीट आणणंही शोभत नाही. सनबोर्ड नकोच, तो या आकाराला फार जड. बाल्सा हेच या कामाचं लाकूड. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं झाड, सागाच्या चौथाई वजनाचं, नखाने दाबलं तर खड्डा पडेल इतकं मऊ. पुण्या-मुंबईच्या हॉबी दुकानांत मिळतं, बाकीच्यांनी ऑनलाइन मागवावं.

घ्यायचं ते असं: ३ मिमी जाडीची एक शीट (४ इंच रुंद, ३ फूट लांब) आणि दीड मिमीचा एक लहान तुकडा. दुकानात जात असाल तर खिशात छोटा वजनकाटा ठेवा. दिसायला सारख्या दोन शीटमध्ये एक ३० ग्रॅमची निघते, दुसरी ५० ची. ४० ग्रॅमच्या आसपासची निवडा. फार हलकी पिचते, फार जड पंखाला नको.

बाकी सगळं घरात सापडतं. नव्या पात्याचा कटर, स्टीलची फूटपट्टी, पॉलिशपेपर (१२०, २२० आणि ४०० नंबरचा), फेविकॉल, थोडा फेविक्विक, मास्किंग टेप, रबर बँड, आईस्क्रीमची एक काडी, खोडरबर, हार्डवेअरच्या दुकानातले लहान वायसर आणि मुलांची मऊ क्ले. नाकात वजन म्हणून रुपयाची नाणी चिकटवली तरी चालतात, पण त्यांना भोकं पाडू नका. चलनी नाण्याची मोडतोड हा कायद्याने गुन्हा आहे.

फेविक्विकबद्दल एक गोष्ट नक्की सांगा मुलांना. तो कापसावर किंवा सुती कापडावर सांडला की अचानक तापतो, चटका बसण्याइतका. सांडला तर सुती रुमालाने पुसायला धावू नका. वाफही डोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी हवी.

पहिली संध्याकाळ: पंख

बाल्साच्या शीटवर लांबीच्या दिशेने बारीक रेषा दिसतात. त्या पंखाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला हव्यात. आडव्या आल्या तर पहिल्याच पडण्यात पंख बिस्किटासारखा तुटतो. ही चूक दर वर्षी कुठला तरी एक गट करतोच, कारण तसं कापलं की शीट ‘वाचते’.

शीट १० सेंमी रुंद आहे, आपल्याला ८ हवेत. आधी लांबीभर २ सेंमीची पट्टी कापून बाजूला ठेवा, तिचा दांडा होणार आहे. मग ८ सेंमीच्या भागातून २४-२४ सेंमीचे दोन तुकडे. कटर एका दमात दाबायचा नाही. फूटपट्टी घट्ट धरून तीन-चार हलक्या फेऱ्या मारल्या की कड स्वच्छ येते. दाबला की पातं रेषेबरोबर भरकटतं.

आता घासणं. हे काम घाईने करायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात आवडणारं हेच. पुढच्या कडेपासून अडीच सेंमीवर पेन्सिलीने एक रेघ ओढा. तिथे जाडी पूर्ण ३ मिमी राहू द्यायची. रेघेच्या मागे उतार करत न्या, मागची कड १ मिमीपर्यंत बारीक. रेघेच्या पुढे गोलाई द्या. खालची बाजू सपाटच राहू द्या. पॉलिशपेपर नुसत्या बोटांनी धरू नका, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळा, नाहीतर बोटांच्या खुणांचे खड्डे पडतात. नाकाला रुमाल बांधा, भुकटी फार बारीक असते.

थोड्या वेळाने पंख ट्यूबलाइटसमोर धरून बघा. मागच्या कडेकडे लाकूड पातळ होत गेलं की उजेड आतून तांबूस दिसायला लागतो. तो पट्टा पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत सारखा दिसला पाहिजे. कुठे काळसर डाग राहिला तर तिथे अजून जाडी आहे. मोजपट्टीपेक्षा ही युक्ती मुलांना चटकन कळते. शेवटी दोन्ही अर्धे काट्यावर ठेवा. अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर जड भाग अजून घासा.

मग जोड. पंख मधून सरळ न ठेवता टोकं थोडी वर उचलायची असतात, इंग्रजी व्ही अक्षर खूप पसरवल्यासारखी. का? मॉडेल डावीकडे कलंडलं की ते त्याच बाजूला घसरायला लागतं. मग डाव्या पंखाला हवा जास्त कोनात भिडते, तो उचलला जातो आणि मॉडेल परत सरळ होतं. आत कुणी पायलट नाही, त्यामुळे हा सरळ करणारा गुण बांधणीतच घालावा लागतो. आपण प्रत्येक टोक साडेतीन सेंमी उचलणार.

त्यासाठी पंखाची मधली कड तिरकी घासावी लागते. पंख टेबलावर ठेवा, बाहेरच्या टोकाखाली साडेतीन सेंमीची पुस्तकं, आतली कड टेबलाच्या काठाशी. पॉलिशपेपरचा ठोकळा काठाला उभा टेकवून मागेपुढे फिरवा. हवा तो कोन आपोआप मिळतो, कोनमापकाची गरज नाही. दुसऱ्या अर्ध्याचंही तसंच.

चिकटवताना एक अर्धा टेबलावर सपाट ठेवून वजनाने दाबा आणि दुसऱ्याचं टोक एकदम ७ सेंमी उचला. खाली दुधाची रिकामी पिशवी कापून पसरा, म्हणजे फेविकॉल टेबलाला धरणार नाही. सांध्यावर जुन्या मलमलची बोटभर रुंद पट्टी फेविकॉलमध्ये भिजवून लावा. आणि आता हात लावू नका. रात्रभर.

दुसरी संध्याकाळ: दांडा, शेपूट, जुळणी

बाजूला ठेवलेली पट्टी १२ मिमी रुंद करा, लांबीच्या मधोमध आडवी कापा आणि दोन्ही तुकडे एकावर एक चिकटवा. ४५ सेंमी लांब, १२ मिमी उंच, ६ मिमी जाड दांडा तयार. एकसंध पट्टीपेक्षा असा जोडदांडा वाकतही कमी. पंखाच्या मागे त्याची उंची हळूहळू उतरवत शेपटीशी ६ मिमी करा. मागे जितकं लाकूड कमी तितकं पुढे वजन कमी लागतं. हे गणित पुढे येतंच आहे.

शेपटीचे दोन्ही पंख दीड मिमीच्या तुकड्यातून. आडव्याच्या रेषा टोकाकडून टोकाकडे, उभ्याच्या खालून वर. कडा फक्त गोल करा. आडवा पंख दांड्याच्या मागच्या टोकाला वरून चिकटवा, त्यावर मधोमध उभा. गुण्याने काटकोन तपासा.

मुख्य पंख मात्र दांड्याला चिकटवायचा नाही. सांध्याची खालची धार बोटभर रुंदीत सपाट घासा आणि तिथे आईस्क्रीमची काडी अशी चिकटवा की ती पंखाच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे दीड-दीड सेंमी बाहेर येईल. ही बाहेर आलेली टोकं म्हणजे रबर बँड अडकवायच्या खुंट्या. पंख दांड्यावर ठेवून पुढून-मागून बँडने आवळा. यात तीन फायदे: पंख पुढेमागे सरकवता येतो, आपटल्यावर तुटण्याऐवजी निसटतो, आणि मॉडेल सुटं करून दप्तरातून नेता येतं.

काडीच्या पुढच्या टोकाखाली २ मिमी जाडीची बाल्साची चिप सरकवा. पंख शेपटीच्या मानाने किंचित नाक वर करून बसला पाहिजे. अंश-दीड अंशाचा हा फरक डोळ्याला दिसतही नाही, पण तो नसेल तर उडताना मॉडेलचं नाक खाली गेलं की पुन्हा उठत नाही.

सरळपणा तपासायला दोरा पुरतो. शेपटीच्या टोकापासून डाव्या पंखाच्या टोकापर्यंत आणि उजव्या पंखाच्या टोकापर्यंत अंतर सारखं हवं. मग समोरून एक डोळा मिटून बघा, मुख्य पंख आणि शेपटीचा आडवा पंख एकमेकांच्या मानाने तिरके दिसता कामा नयेत.

नाकातलं वजन: सगळा खेळ इथे आहे

गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या एकतृतीयांशावर आणायचा, म्हणजे २.७ सेंमीवर. नाकापासून मोजलं तर १२.७ सेंमी. इथे टेकू आहे असं समजा. आता सी-सॉचं गणित, सहावीतल्या तरफेचं: वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर, दोन्ही बाजूंना सारखं.

टेकूच्या मागे काय काय आहे? पंख काडीसकट १६ ग्रॅम, त्याचा मध्य टेकूच्या ०.८ सेंमी मागे, म्हणून १२.८. दांडा ६ ग्रॅम, ८.८ सेंमी मागे, म्हणून ५२.८. शेपूट अडीच ग्रॅम, २९.८ सेंमी मागे, म्हणून ७४.५. बेरीज १४०. नाकातलं वजन टोकापासून १ सेंमीवर बसवलं तर ते टेकूच्या ११.७ सेंमी पुढे येतं. १४० भागिले ११.७, म्हणजे १२ ग्रॅम. तुमच्या मॉडेलची वजनं घालून हेच गणित करा आणि मग प्रत्यक्ष वजन लावून बघा. कागदावरचा आकडा आणि हातातला तोल ग्रॅम-अर्ध्या ग्रॅमच्या फरकाने जुळतो तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आता त्या बेरजेकडे पुन्हा बघा. शेपूट सगळ्यात हलकी, आणि १४० पैकी निम्म्याहून जास्त वाटा तिचाच! शेपटीवर १ ग्रॅम वाढला की नाकात अडीच ग्रॅम वाढवावे लागतात. एका वर्षी एका गटाने प्रदर्शनाच्या आदल्या रात्री शेपटीला ऑइलपेंटचे दोन हात मारले. आदल्या दिवशीपर्यंत झकास उडणारं मॉडेल सकाळी नाक वर करून धपकन खाली. काट्यावर ठेवलं तर शेपूट ५ ग्रॅमने जड. भरपाईला नाकात जवळपास १३ ग्रॅम घालावे लागले आणि मॉडेल धोंड्यासारखं जायला लागलं. दोष माझाच, मी आधी सांगायला हवं होतं. रंगवायचंच असेल तर मार्करने दोन रेघा पुरेत, आणि त्याही मुख्य पंखावर.

नाकाला आधी अर्धा खोडरबर चिकटवा. तो वजनातही मोजला जातो आणि कुणाच्या डोळ्याला लागायची भीतीही कमी होते. उरलेलं वजन वायसरांचं, टेपने गुंडाळून. शेवटचे एक-दोन ग्रॅम क्लेचे ठेवा, ते मैदानावर चिमटीने कमी-जास्त करता येतात. तोल बघायला पंखाच्या खाली दोन्ही बाजूंना २.७ सेंमीवर पेन्सिलीची खूण करा आणि खुणांवर दोन बोटांची टोकं टेकवून मॉडेल उचला. दांडा आडवा राहिला की झालं.

हेच खऱ्या ग्लायडरलाही लागू आहे. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, तिथे विंचच्या, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोराने ग्लायडर आकाशात खेचली जातात. हलक्या वजनाचा पायलट असेल तर ग्लायडरमध्ये जादा वजन ठेवावं लागतं, नाहीतर तोल मागे जातो. आपली क्ले आणि त्यांचं ते वजन एकाच कामाचं.

मैदान

वेळ सकाळची, सूर्य वर यायच्या आत. आपलं मॉडेल साडेछत्तीस ग्रॅमचं आहे आणि सेकंदाला ५ मीटरच्या आसपास वेगाने तरंगतं, म्हणजे ताशी १८ किमी. ताशी १० किमीचा वारा आपल्याला झुळूक वाटते, मॉडेलसाठी ती त्याच्या निम्म्या वेगाहून जास्त आहे. अशा वाऱ्यात घेतलेल्या नोंदी वाऱ्याच्या असतात, मॉडेलच्या नाहीत. मैदानाच्या कडेला एक उदबत्ती खोचा. धूर सरळ वर जातोय तोवर काम करायचं. तो आडवा व्हायला लागला की सामान आवरायचं आणि शाळेत जायचं.

जागा गवताची. दिवाळीच्या आगेमागे गवत घोट्याएवढं असतं, त्यासारखी गादी नाही. डांबरी अंगणात पहिली चाचणी कधीच नको.

पोरांची पहिली फेक हमखास चुकते, कारण ती चेंडू फेकतात. ग्लायडर फेकायचं नसतं, सोडायचं असतं. पंखाच्या जरा मागे दांडा अंगठा आणि दोन बोटांत धरा, खांद्याच्या उंचीवर, पंख आडवे, नाक अगदी किंचित खाली. नजर समोर दहा-बारा पावलांवरच्या गवतावर. चार पावलं धावा. मॉडेल हातातच हलकं झाल्यासारखं वाटतं. त्याच क्षणी बोटं उघडा, पुढे जाणाऱ्या हाताच्या ओघात. वर फेकू नका. वर फेकलं तर चांगलं मॉडेलही वाईट दिसतं.

आता बघायचं ते काय करतं, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची.

नाक वर जातं, क्षणभर थांबल्यासारखं होतं, मग गचका खाऊन खाली, पुन्हा वर, पुन्हा गचका. याला स्टॉल म्हणतात. पंखाचा कोन इतका वाढतो की वरून वाहणारी हवा पंखाला सोडून देते. उपाय: नाकात थोडी क्ले वाढवा, किंवा पंख ३-४ मिमी मागे सरकवा. उलट, सोडल्याबरोबर सरळ जमिनीकडे जात असेल तर क्ले काढा किंवा पंख पुढे घ्या. ‘‘सर, हे खालीच जातंय’’ म्हणून पोरं जास्त जोरात फेकायला लागतात, तेवढं थांबवा.

एका बाजूला वळत असेल तर आधी मागून बघा. बहुतेक वेळा पंख पिळवटलेला असतो. उजव्या पंखाची मागची कड खाली वाकली असेल तर तो जास्त उचलतो आणि मॉडेल डावीकडे जातं. उपायाला काही लागत नाही: त्या जागेवर तोंडाची गरम वाफ सोडा, ‘हाऽऽ’ करून, आणि हलक्या हाताने उलट पीळ देऊन अर्धा मिनिट धरा. बाल्सा वाफेने नरम पडतो आणि सुकल्यावर नव्या आकारात राहतो. दोन्ही टोकांच्या मागच्या कडा सारख्या प्रमाणात मिलिमीटरभर वर असल्या तर बिघडत नाही, उलट मॉडेल स्टॉलमध्ये कमी कलंडतं. पंख सरळ असूनही वळत असेल तर उभ्या पंखाची मागची कड वाफ देऊन केसभर दुसरीकडे वळवा. केसभरच.

मग एक परीक्षा जी बहुतेक गट घेतच नाहीत. मॉडेल सावकाश सोडल्यावर छान जातंय? आता तेच, नाक जरा जास्त खाली करून, दीडपट जोराने सोडा. हळूहळू नाक उचलून सरळ झालं तर उत्तम. एकदम वर उसळून गिरकी घेत असेल तर नाकात वजन जास्त आणि काडीखालची चिपही जाड, असे दोघे एकमेकांना दाबून धरत होते, आणि वेग वाढल्यावर चिप जिंकली. चिप पातळ करा, क्ले कमी करा. उलट नाक खाली घालून उठायचं नावच घेत नसेल तर गुरुत्वमध्य फार मागे गेला आहे. क्ले वाढवा, चिप थोडी जाड करा.

नोंदी

मॉडेल जुळलं की खरा प्रयोग. गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या २५, ३३ आणि ४० टक्क्यांवर, म्हणजे पुढच्या कडेपासून २, २.७ आणि ३.२ सेंमीवर आणा. पंख जागेवरच ठेवा, फक्त नाकातलं वजन बदला. प्रत्येक जागी दहा उड्डाणं. सोडणारा मुलगा किंवा मुलगी तीच, उंची तीच. एकाने मोबाइलवर वेळ मोजायची, एकाने पडण्याच्या जागी काडी खोचायची, एकाने लिहायचं. चारच जणांचा गट पुरतो. सहा झाले की दोघं क्रिकेट खेळायला जातात.

वहीत चार रकाने: अंतर, वेळ, वळलं का, स्टॉल झालं का. वाईट उड्डाणं खोडू नका. ‘पाय घसरला’ असं शेजारी लिहा आणि सरासरीतून वगळल्याचंही लिहा.

समजा दीड मीटर उंचीवरून सोडलेलं मॉडेल १.६ सेकंदांत ८ मीटर गेलं. अंतर भागिले उंची, ५.३. म्हणजे १ मीटर खाली येताना ते ५.३ मीटर पुढे जातं. उंची भागिले वेळ, सेकंदाला ०.९४ मीटर ही उतरण्याची गती. एवढ्या छोट्या मॉडेलला हा आकडा बरा आहे, लाजू नका. माणूस बसतो त्या आधुनिक ग्लायडरचं हेच प्रमाण ४० च्या पुढे असतं, पण त्यांचे पंख पंधरा मीटर आणि त्याहून लांब असतात. दुपारी शाळेवर पंख न हलवता गोल गोल वर चढणारी घार बघितली असेल. ती स्वतः हवेतून खालीच उतरत असते, फक्त तापून वर येणारी हवा तिच्या उतरण्यापेक्षा जलद असते.

फाइल लिहिताना एका वाक्यापासून सांभाळा: ‘पंखाच्या वरची आणि खालची हवा एकाच वेळी मागच्या कडेला पोचते, म्हणून वरची हवा जलद जाते.’ हे सगळीकडे छापलेलं सापडतं आणि चूक आहे. वरची हवा खालच्या हवेची वाट बघत नाही, ती आधीच पुढे निघून जाते. पंख हवेला खाली ढकलतो आणि हवा पंखाला वर, हे न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचं वाक्य नववीच्या फाइलला पुरे आहे आणि बरोबरही.

प्रदर्शनाच्या दिवशी मॉडेल सुटं करून खोक्यातून न्या. सोबत दोन जादा रबर बँड, फेविक्विक, क्ले आणि नोंदवही. एखादे परीक्षक ‘‘याला मोटर कुठाय?’’ विचारतीलच. त्यांच्या हातात मॉडेल देऊन खुर्चीवर उभं राहायला सांगू नका, एका गटाने सांगितलं होतं. वहीचं पान उघडा आणि उंची कशी खर्च होते ते दाखवा.

नंतर पंख भिंतीला टेकवून ठेवू नका, आठवड्यात वाकतो. पुस्तकांच्या कपाटावर आडवा ठेवा, दोन्ही टोकांना सारखा आधार देऊन. जूनमध्ये शाळा सुरू झाली की दमट हवेने तो पुन्हा थोडा पिळवटलेला असेल. तोंडाच्या वाफेने सरळ करा, तोल पुन्हा तपासा, आणि मगच नव्या नववीच्या हातात द्या.